सहा वजनांचा पट्टा

१

वैशाखात पापडीच्या विहिरी तळाला जातात आणि वर्षभराचा गाळ उघडा पडतो. गुरुदत्तांची विहीरही आटली होती, म्हणून त्यांनी रविवारीच निरोप धाडून मंगळवारी सकाळी सांडोरहून डॉमनिकला बोलावून घेतलं. गाळ काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास दुसरा नव्हता. वय अठ्ठावीस, अंगानं काटक, आणि विहिरीत उतरला की तोंडानं सारखी शीळ. "शीळ ऐकू येतेय तोवर डॉमनिक खुशाल हाय समजायचं," असं तो स्वतःच सांगायचा.

सव्वादहाला गुरुदत्तांनी काठावरून हाक मारली, "डॉमनिक, चहा झालाय. ये वर."

शीळ वाजवतच तो वर निघाला. भिंतीला पाय लावत, कमरेच्या पट्ट्यावर भार टाकत, अर्ध्याच्या वर आला असेल. मग फटकन आवाज झाला, शीळ तुटली आणि खालून दगडावर काहीतरी आपटल्याचं ऐकू आलं. दोन्ही गडी धावले. गुरुदत्त जागच्या जागी उभे राहिले. तीस वर्षं पोलिसात काढून चार वर्षांपूर्वी फौजदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, पण त्याला काठावरून खाली बघायचा धीर झाला नाही.

पट्ट्याचा वरचा तुकडा रहाटाच्या खांबाला बांधलेला तसाच होता. कापसाचा विणलेला पट्टा, खाटेच्या नवारीहून रुंद आणि दुप्पट जाड. दोर दगडावर कापतो, पट्टा सपाट बसतो, म्हणून विहिरीत उतरणारे पट्टाच घेत. शिवाय या विहिरीचा काठ चाळीस वर्षं रहाट चालून पाट्यासारखा गुळगुळीत झालेला. काचायचा प्रश्नच नव्हता. तरी पट्टा बरोब्बर काठावर, आडव्या सरळ रेषेत तुटला होता.

तुकड्याच्या टोकाला निळ्या शाईचा क्रूस होता. पापडीतल्या पट्ट्यांच्या कारखान्यात हा ठसा एकच माणूस मारत असे, तपासनीस लॉरेन्स. माल ताण देऊन पारखल्याशिवाय तो ठसा उचलत नसे. लॉरेन्स हा गुरुदत्तांचा शाळेपासूनचा मित्र, आणि डॉमनिकचा सासरा.

प्रेत वर काढलं तेव्हा लॉरेन्स धावत आला आणि पट्ट्यावर हात ठेवून बसला. काशीराम जमादार आला, त्यानं तीन ओळींचा पंचनामा केला. विहिरीच्या काठाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. गुरुदत्त मनात चुकचुकले. हा काशीराम त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता.

बुधवारी सांडोरला डॉमनिकला माती दिली. चर्चला इथं देऊळच म्हणतात; त्या देवळातून माणसं घरी वळली, लॉरेन्स मात्र वळला नाही. तो अंगावरच्या काळ्या कोटानिशी उन्हातून चालत चौकीवर गेला आणि जमादारासमोर उभा राहिला.

"मला आत घाला," तो म्हणाला. "पट्टा न तपासता मी ठसा मारला. माझा जावई माझ्यामुळं मेला."

२

"मी आत घातलं नाही, साहेब," काशीराम गुरुदत्तांच्या ओट्यावर बसून सांगत होता. "म्हातारा थरथरत होता. घरी पोचवून आलो. पण त्यानं सांगितलं ते लिहून घ्यावं लागलं. सोमवारी कागद वर जाणार. निष्काळजीपणानं मृत्यू म्हणजे वर्ष-दोन वर्षं तुरुंग. त्याच्या छातीकडं बघता तो परत यायचा नाही."

"त्यानं न तपासता ठसा मारला, हे तुला पटतं?"

"कबूल करणारा माणूस कशाला खोटं बोलेल?"

गुरुदत्त हसले नाहीत. कबूल करणारी माणसं कशाकशासाठी खोटं बोलतात, याची त्यांना तीस वर्षांची ओळख होती. आणि लॉरेन्स! महायुद्धाच्या दिवसांत मुंबईला लष्करी मालाच्या तपासणीत काम केलेला. घरी केळ्याचा घड टांगायचा झाला तरी दोरीला दोनदा हिसका देऊन बघणारा. तो न बघता ठसा मारेल? त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या नवऱ्याच्या पट्ट्यावर?

"पट्टा आणलायस?"

काशीरामनं पिशवीतून दोन्ही तुकडे काढले. गुरुदत्तांनी चष्मा पुसला, तुटकं टोक उजेडात धरलं. बाजारात एक कुजबूज होती की कारखान्यातल्या सेबेस्टियननं पट्टा कापून ठेवला होता. लग्नाआधी त्याचं रोझलीनवर मन होतं, हे पापडीला ठाऊक होतं. पण सुरीनं कापलेला धागा बोथट असतो, एका उंचीचा. इथं प्रत्येक धाग्याला बारीक पिंजलेलं तोंड होतं. कापलेला नव्हताच हा, ताणानंच तुटलेला. तरी इतक्या सरळ रेषेत?

पट्टा जुना, मऊ झालेला. रोझलीनच्या लग्नात, दोन वर्षांपूर्वी, लॉरेन्सनं जावयाला दिलेला. दर हातभर अंतरावर पट्ट्यात आडव्या बारीक खळग्या उमटल्या होत्या, ओळीनं, दातांसारख्या. उंदरानं कुरतडलं म्हणावं तर धागा कुठं तुटलेला नव्हता.

कारखान्याच्या पट्ट्यात दर वितीला एक आडवा लाल धागा विणलेला असे. गिऱ्हाइकानं गजाशिवाय, नुसत्या हातानं माल मोजून घ्यावा, म्हणून मालकानं बसवलेली पद्धत. गुरुदत्तांनी सवयीनं अंगठा एका लाल धाग्यावर ठेवला आणि करंगळी ताणली. करंगळी पुढच्या लाल धाग्यापर्यंत पोचेना. नखभर कमी पडली. पुढच्या वितीला तेच.

"हातसुद्धा आखडले आता," ते स्वतःशीच म्हणाले. बायको गेल्यापासून त्यांना आपलं सगळंच आखडत चालल्यासारखं वाटे. त्यांनी ती गोष्ट तिथंच सोडून दिली.

"सोमवारपर्यंत तुकडे माझ्याकडं राहू देत, काशीराम."

"राहू देत, साहेब. पण सोमवारच्या पुढं मला थांबता यायचं नाही."

३

कारखाना म्हणजे कौलारू छपराखाली आठ माग. मालक दिनानाथ. वडिलांची केळीची बाग होती, ती भावांकडं देऊन लढाईच्या तेजीत यांनी माग टाकले. लढाई संपली, तेजीही संपली, दिनानाथ मात्र पट्टेच विणत राहिले. गुरुदत्तांना बघून त्यांचा चेहरा उतरला.

"लोक म्हणतात मी हलकं सूत घातलं," ते बसायच्या आधीच म्हणाले. "देवाशपथ सांगतो, फौजदारसाहेब, तो तागा माझ्या घरात आहे. डॉमनिकचा पट्टा ज्यातून कापून घेतला, त्याच ताग्याची माझी खाट विणलेली आहे. रोज तिच्यावर निजतो मी."

"मग आज जमिनीवर निजा. दोन हात तुकडा द्या मला."

तुकडा आला. ताण देण्याचा घोडा कोपऱ्यात उभा होता. लॉरेन्सनं लष्करी घोडा बघून सुताराकडून आणि लोहाराकडून बनवून घेतलेला. वर एक लोखंडी चिमटा, खाली एक. दोघांच्या जबड्यात पट्ट्याचा हातभर तुकडा आवळायचा. खालच्या चिमट्याला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला परडं. परड्यात एक वजन ठेवलं की दांड्याच्या जोरानं पट्ट्यावर शंभर रतलांचा ताण यायचा. सहा वजनं सोसली की माल पास. मग तुटेपर्यंत वजनं टाकत जायचं आणि कितव्याला तुटला ते वहीत लिहायचं.

दिनानाथांनी स्वतः वजनं टाकली. चार. पाच. सहा. पट्टा तारेसारखा ताठ झाला. सात. आठवं वजन परड्यात ठेवताच फटकन तोच आवाज झाला, मंगळवारचा, आणि गुरुदत्तांनी डोळे मिटून घेतले.

"आठ," दिनानाथ म्हणाले. त्यांनी जुनी वही काढून पान उलटलं. त्या ताग्यापुढं लॉरेन्सच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : आठ. खाली त्याची सही.

म्हणजे सूत चोख होतं. तपासणीही झालेली होती. लॉरेन्स चौकीत धडधडीत खोटं बोलला होता.

"हे तुटलेले तुकडे पुढं काय करता?" गुरुदत्तांनी सहज विचारलं.

"लॉरेन्स चुलीत घालतो. सहा वजनं सोसून न तुटलेला असेल, तरी घालतो. एकदा ताण खाल्लेला तुकडा कुणी घरीसुद्धा न्यायचा नाही, कमरेला बांधायला नाही की गाठोड्याला नाही. त्याच्यावरून त्यानं एका विणकराच्या कानफटात मारली होती. मला आधी वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे."

गुरुदत्त ऐकत होते, पण मनात दुसरंच चाललं होतं. माणूस आपल्यावर खोटा आळ घेतो तो दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालण्यासाठी. लॉरेन्स कुणाला पाठीशी घालत होता?

४

सेबेस्टियन मागावरून उठला नाही. धोटा एका हातात धरून तो म्हणाला, "बोला. कापला म्हनून मला धरायला आलात?"

"कापलेला नाही तो. मी बघितलाय."

सेबेस्टियनच्या हातातला धोटा खाली आला. तिशीचा, गप्प स्वभावाचा माणूस. तीन दिवस पापडी त्याच्याकडं कसं बघत असेल ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"माझं मन होतं तिच्यावर," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पन डॉमनिक चांगला मानूस होता, फौजदारकाका. तिला हसवायचा. मला ते जमलं नसतं."

"लॉरेन्स म्हणतो त्यानं तपासलं नाही."

"लॉरेन्सबाबा?" सेबेस्टियन पहिल्यांदाच जवळजवळ हसला. "वजनंसुदा ओळीनं लावून ठेवतात ते. एक नंबर डावीकडं, दहा उजवीकडं. मधी मधी मात्र ओळ चुकलेली दिसायची. सहाच वजनं, एक ते सहा, उलटीसुलटी. मला वाटलं, वय झालं बाबांचं. मी गुपचूप नीट लावून ठेवायचो, त्यांना वाईट वाटाय नको म्हनून."

"कधी दिसायचं असं?"

"जेवनानंतर. आधी नाय. देवळाची बाराची घंटा झाली की आमी सगळी बाहेर पडतो, प्रार्थना करतो, मग आंब्याखाली जेवतो. परत आलो की ओळ चुकलेली." तो थांबला, आठवू लागला. "रोज नाय. उन्हाळ्यातच. गाळाच्या दिवसांत."

"त्या वेळी आत कोण असतं?"

"कोन नाय. लॉरेन्सबाबासुदा बाहेर असतात, आमच्यासंगं..."

सेबेस्टियनचं तोंड उघडंच राहिलं. तो खाली मागाकडं बघू लागला.

"सांग, सेबेस्टियन."

"बाबांचा डबा आनायची ती," तो अगदी हळू म्हणाला. "आत ठेवून जायची. रोझलीन."

५

गुरुदत्त परत घोड्यापाशी गेले. चिमट्याचा जबडा उघडून त्यांनी आत बोट घातलं. लोखंडाचे आडवे दाते, बारीक, ओळीनं. खिशातला डॉमनिकच्या पट्ट्याचा तुकडा त्यावर ठेवला. खळग्या दात्यांत जिथल्या तिथं बसल्या. तुटलेलं टोक ठेवलं, तर ती सरळ रेषही जबड्याच्या काठाशी जुळली.

मग मागावरच्या कोऱ्या पट्ट्यावर त्यांनी वीत टाकली. अंगठा एका लाल धाग्यावर, करंगळी पुढच्यावर. तंतोतंत. हात आखडले नव्हते. डॉमनिकचा पट्टाच लांबला होता. कुणीतरी तो हातभर हातभर करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा ताणला होता. दर वेळी सहा वजनं, पास होण्यापुरती. दर वेळी पट्ट्यानं सोसलं होतं, आणि दर वेळी आतले थोडे धागे, दात्यांखालचे आधी, कायमचे संपले होते. वरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं.

उलगडा झाला की पूर्वी फौजदारांना चहा प्यावासा वाटे. आज दिनानाथांनी पुढं केलेला चहा त्यांनी तसाच परत केला.

लॉरेन्सच्या घरी ते गेले तेव्हा तो मागच्या पडवीत क्रूसासमोर बसला होता. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. रोझलीन सांडोरच्या घरी होती. गुरुदत्तांनी पट्ट्याचे तुकडे त्याच्यापुढं ठेवले, आणि स्वतः जमिनीवर बसले.

"काल देवळात शुक्रवारच्या मिस्सेला तू मागच्या बाकावर बसून राहिलास म्हणे. कम्युनियनचा प्रसाद घेतला नाहीस."

"तू हिंदू मानूस. तुला काय करायचंय?"

"साठ वर्षं तुमच्या आळीत राहिलोय. केलेल्या चुकीची कबुली देऊन माणूस पाद्रीबाबांकडून क्षमा घेतो आणि कम्युनियनला उभा राहतो. एक तू उभा राहिला नाहीस. कारण जे खोटं तू बोलतोयस, ते सोडायचं तुझ्या मनात नाही."

लॉरेन्सनं तुकड्यावरचा ठसा अंगठ्यानं झाकला.

"लाल धागे बघितलेस तू," गुरुदत्त म्हणाले. "प्रेत वर काढलं तेव्हाच. तुझी बोटं पट्ट्यावर वीत टाकत होती, मला वाटलं तू रडतोयस."

"रडतच होतो." लॉरेन्सनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "गुरू, माझी चूक नाय का ती? कारखान्यात शंभर वेळा सांगितलं, ताण खाल्लेला तुकडा मेलेला समजा. घरात एकदा सांगितलं नाय. कामाचं बोलनं मी घरात आनत नसे. पोर ल्हानपनी कारखान्यात मांडीवर बसून विचारायची, बाबा, हे कशाला करता? मी म्हनायचो, सहा वजनं सोसली की मानूस पडत नाय. तेवढंच तिनं धरलं. ज्या ज्या दिवशी तो विहिरीत उतरायचा, त्याच्या आदल्या दुपारी माझा डबा ती सोता आनायची. आता कळतंय का ते..." त्यानं बोटानं तुकड्यावरच्या खळग्या दाखवल्या.

गुरुदत्तांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर कुणीतरी सुकी मच्छी विकायला ओरडत गेलं.

"ती पाच महिन्यांची पोटुशी हाय," लॉरेन्स म्हणाला. "तिला कळलं की नवऱ्याला तिनं आपल्या हातानं मारला, तर ती विहीरच जवळ करील. मला तुरुंगात जाऊ दे. बापावर राग धरून मानूस जगतो. सोताला कुठं टाकनार ती?"

"तुझ्यावर राग धरला, तर तिला माहेर उरणार नाही. पोटुशी बाई जाईल कुठं?"

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि रोझलीनची हाक आली, "बाबा, फौजदारकाका हायत का इथं? त्यांच्याकडंच गेलते मी."

६

ती काळ्या कपड्यात होती, चालून चालून लाल झालेली. बसली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

"काका, मला चौकीवर न्या," ती म्हणाली. "मला जमादारांना सांगायचंय. बाबा म्हनतात त्यांनी पट्टा तपासला नाय. नसेल तपासला. पन मी तपासलेला हाय!"

लॉरेन्सनं डोळे मिटले.

"लग्न झाल्यापासून," रोझलीन बोलत होती, धापा टाकत, घाईघाईनं. "एक विहीर सोडली नाय मी. पट्टा डब्याच्या पिशवीत घालून न्यायची, डॉमनिकलासुदा ठाव नाय. सगळी बाहेर गेली की लावायची घोड्याला. हात हात करून सगळा. सहा वजनं टाकायची आनि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हनायची. संपेपर्यंत तुटला नाय की काडून घ्यायची. सोमवारीसुदा तपासला, काका. आदल्याच दिवशी. सहाच्या सहा सोसली त्यानं! मंग बाबांचा काय गुन्हा? सेबेस्टियनला विचारा, दिनानाथशेठना विचारा, सहा सोसल्यावर पट्टा चांगला असतो का नाय."

तिच्या चेहऱ्यावर आशा होती. बापाला वाचवायचा उपाय आपल्याकडं आहे, या एका गोष्टीवर ती चार दिवसांत पहिल्यांदा उभी राहिली होती. आणि चौकीवर ती हे बोलली, की तिथला पहिला जाणता माणूस तिला सांगणार होता की पट्टा कशानं मेला.

गुरुदत्तांनी आयुष्यात पुरावा बदलला नव्हता. एका हवालदारानं पंचनाम्यातली एक वेळ खोडली, म्हणून त्यांनी त्याची नोकरी घालवली होती. ते उठून उभे राहिले.

"चौकीवर जायची गरज नाही, पोरी," ते म्हणाले. "तुझा पट्टा चांगलाच होता. तुझ्या बापानंही तपासला होता, वहीत सही आहे त्याची. दुःखानं काहीतरी बोलून गेला तो. पट्टा दगडानं कापला."

"कुठल्या दगडानं?"

"माझ्या विहिरीच्या. काठाला धार आली होती. रहाटाचा लोखंडी खिळा घासून घासून दगडाची कपरी निघाली होती. मला ठाऊक होतं. डॉमनिक यायच्या आधी घासून घेऊ म्हणत होतो. राहून गेलं."

रोझलीन त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतली आशा विझली आणि तिथं दुसरं काही पेटत गेलं. ते बघायला गुरुदत्तांना जड गेलं, तरी त्यांनी नजर काढली नाही.

"ठाव होतं तुमाला?" ती म्हणाली. "ठाव असून त्याला चहाला हाक मारलीत?"

"हो."

ती मागं सरली, भिंतीला टेकली आणि मोठ्यानं रडू लागली. लॉरेन्स उठून तिच्याजवळ गेला. तिनं बापाच्या काळ्या कोटात तोंड खुपसलं. तिच्या खांद्यावरून लॉरेन्स गुरुदत्तांकडं बघत होता. गुरुदत्त चपला घालून निघाले.

वाटेत चौकीवर थांबून काशीरामला त्यांनी चारची वेळ दिली. घरी पोचले तेव्हा अडीच झाले होते. गड्यांना त्यांनी केळी बांधायला लांबच्या वाफ्यात धाडलं. पडवीतून दगड घडायची टाकी आणि हातोडा आणला. विहिरीच्या काठावर, रहाटाच्या खांबासमोर, ते गुडघ्यांवर बसले आणि वडिलांनी बसवलेल्या त्या गुळगुळीत दगडाला धार काढू लागले. ऊन तापलं होतं. हात दुखत होता. मधेच त्यांनी प्रथमच खाली तळाकडं बघितलं. रक्तावर शिंपडलेला चुना तिथं अजून पांढरा होता.

धार नवी दिसू नये म्हणून त्यांनी तिच्यावर गाळ चोळला. खळग्यांवर आणि तुटक्या टोकावर तोच गाळ लावून पट्ट्याचे तुकडे दगडावर चांगले घासले. इतके की दात्यांच्या ओळी ओळखू येईनात.

काशीराम आला. त्यानं काठ बघितला, पट्टा बघितला, दगडावर अंगठा फिरवला. मग खाली बसून मांडीवर कागद घेतला. पंचनाम्यात काठाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, ती जागा आता उपयोगाला आली. त्यानं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं की विहिरीच्या काठाच्या दगडास धार असून त्यायोगे पट्टा कापला गेला, आणि तपासनीसाचं पहिलं सांगणं शोकाच्या भरात झालेलं दिसतं.

"विहिरीच्या मालकाला दंड होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"गावात नाव जाईल, साहेब."

"जाऊ दे, काशीराम."

कागद घडी करून खिशात ठेवताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "धोतराला दगडाची भुकटी लागलीय. झटकून टाका." आणि वळून न बघता गेला.

त्यानंतर गुरुदत्तांच्या विहिरीत गाळ काढायला कुणी उतरलं नाही. पाणी दरवर्षी कमी होत गेलं, केळी सुकली, त्यांनी मागची अर्धी बाग पडीक टाकली. लॉरेन्सनं कारखान्यात घोड्याभोवती कठडा बांधून कुलूप घातलं. वैशाखातल्या त्या मंगळवारी तो दरवर्षी येऊन काठावर बसे. गुरुदत्त चहा करत.

चार वर्षांनी एका सकाळी गुरुदत्त कवाडापाशी जांभळं वेचत होते. रस्त्यावरून रोझलीन चालली होती, देवळातून परत. संगतीला तिची मुलगी, बापासारखीच काटक. जांभळं दिसताच मुलगी हात सोडवून कवाडाकडं पळाली. पळताना ती शीळ वाजवायचा प्रयत्न करत होती. ओठ नीट जुळत नसल्यानं नुसती हवाच निघत होती.

गुरुदत्तांनी ओंजळ पुढं केली.

"फिलोमिना!" रोझलीननं धावत येऊन तिला मागं ओढलं. "त्या घराकडं जायचं नाय. किती वेळा सांगितलं? त्या म्हाताऱ्यानं तुझ्या बाबाला मारलं."

आवाज खणखणीत होता. चेहरा भरलेला, पाऊल घट्ट. मुलीला कडेवर घेऊन ती ताठ मानेनं निघून गेली, एकदाही मागं न बघता. गुरुदत्तांनी जांभळं कवाडाच्या खांबावर ठेवली, कडी लावली आणि आत जाऊन चहाचं आधण टाकलं.